दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा डॉस

उद्याच्या बैठकीत उत्पला उभी राहील, "चूक माझीच आहे" असं म्हणेल आणि खाली बसेल. संध्याकाळपासून हीच एक गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे. कणीक मळताना तीच, वह्या तपासताना तीच. आता पोरगी झोपली आहे आणि मी लिहायला बसले आहे, कारण तिच्याशी बोलून काहीच उपयोग झाला नाही.

उत्पला माझी थोरली. गणित घेऊन बी.एस्सी. झाली, मग धरमपेठेत कॉम्प्युटरचा वर्ग केला. आमच्या वस्तीतल्या बाया अजून विचारतात, "तुमची पोरगी त्या टीव्हीच्या हापिसात आहे ना?" इतवारीत विणकरांची एक सहकारी संस्था आहे. कोणाला किती सूत दिलं, कोणाकडून किती कापड आलं, हे सगळं ती तिथल्या कॉम्प्युटरवर ठेवते. घरी हिची वेणी घालायची फणी रोज हरवते, ओला टॉवेल पलंगावर पडलेला असतो. तिथे मात्र चपला दाराबाहेर काढते, हात धुऊन कोरडे करते आणि मगच मशीनपाशी बसते. एकदा मी म्हटलं, "एवढी शिस्त घरी पाळली असती तर?" तर म्हणाली, "घरची फणी पुन्हा सापडते वं आई. तिथलं गेलं की गेलं."

यंदा तिथलंच गेलं.

झालं असं. संस्थेने मुंबईहून हिशेबाचा नवा प्रोग्राम मागवला आणि तो जुन्या मशीनवर चालेना. मशीन सुरू झालं की आधी ज्याच्या हाती सगळा कारभार जातो, त्याला डॉस म्हणतात. तो जुना होता, नवा बसवायला हवा होता. उत्पलाने बसवून पाहिला, तर मशीन म्हणे जागा नाही. नवा डॉस आकाराने मोठा, जुन्याच्या जागेत मावेना. मशीनच्या आत एक तबकडी असते, सगळी माहिती तिच्यावर साठते; ती पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करणं हाच एक मार्ग उरला. पुसण्याआधी आतली माहिती फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायची आणि नवा डॉस बसला की पुन्हा आत भरायची.

हिने सगळं उतरवून घेतलं आणि मॅनेजर वामनरावांना सांगितलं, "साहेब, याची आणखी एक नक्कल काढू द्या. मग पुसते." वामनराव म्हणाले, "फ्लॉप्यांचा दुसरा डबा कशाले? दसऱ्याचा मुहूर्त आहे. नवी सिस्टीम त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे. अध्यक्षांले सांगून बसलो ना मी!" म्हणजे मशीनने पंचांग बघून चालायचं! उत्पलाने आदल्या दिवशी तबकडी पुसली, नवा डॉस बसवला आणि फ्लॉप्या डब्यात नीट लावून ठेवल्या. दसऱ्याला ती रजेवर होती. आम्ही दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीवर होतो, पाणी वाटायला. रजा महिनाभर आधी मंजूर झालेली.

दसरा उलटल्यावर ती माहिती परत भरायला बसली. थोडी भरली गेली आणि मशीन अडलं. ही फ्लॉपी वाचता येत नाही, म्हणे. पुढची घातली, तीही नाही. सभासदांची अर्धी नोंद गेली. तेव्हापासून पोरगी जुन्या कागदांवरून एकेक आकडा पुन्हा टाइप करते आहे.

ती जेवायलाही घरी येईना, म्हणून आज दुपारी मी डबा घेऊन तिथे गेले. वामनराव तिच्या खुर्चीमागेच उभे होते.

"या, या मास्तरीणबाई," ते म्हणाले. "पाहा तुमच्या पोरीचे प्रताप. ऐन टायमाले रजेवर गेल्या बाई. तुमचा मेळा महत्त्वाचा, आमची मशीन गेली खड्ड्यात!"

"रजा तुम्हीच दिली होती ना?" मी म्हटलं.

"रजा दिली, डबा बिनकुलपाचा ठेवा असं कुठं म्हटलं?"

उत्पलाने मान वर केली नाही. तिची बोटं चालतच राहिली. माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं, पण तेवढ्यात यमुताई आत आल्या. यमुताई संस्थेच्या संचालक मंडळावरच्या एकट्या बाई. स्वतः माग चालवून वर आलेल्या, बोलायला मोकळ्या. उत्पलाला ही नोकरी द्यावी म्हणून चार पुरुषांसमोर त्याच भांडल्या होत्या.

"काहून वं पोरी, जेवली नाही अजून? तोंड पाह्य किती सुकलं!" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळल्या. "नजरच लागली मशीनले, दुसरं काय! नाही तर मी किती मनापासून पूजा केली होती. नारळ फोडला, आपट्याची पानं ठेवली. त्या काळ्या चकत्या पाकिटातून काढून पाटावर मांडल्या आन् एकेकीले हळदीकुंकू वाहिलं, नव्या नवरीसारखं. तरी काहून असं झालं असंल?"

मी उत्पलाकडे पाहिलं. तिची बोटं थांबली होती. कागदी पाकिटातून काढलेली फ्लॉपी म्हणजे पातळ काळा चौकोन, त्याला मधे एक उघडी खाच असते आणि मशीन त्या खाचेतून वाचतं. तिथे बोटसुद्धा लावायचं नसतं, हे मला या पोरीनेच कितीदा सांगितलं आहे.

"मशीनचं असंच असते यमुताई," उत्पला शांतपणे म्हणाली. "कधी कधी बिघडते."

"तसं असंल," यमुताई म्हणाल्या. "उद्या मंडळाच्या बैठकीत सांभाळून बोल वं. वामनराव लय भरून राहिले अध्यक्षांचे कान." आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी तिला घेऊन घरी येताना रिक्षात मी तिला धरलं. "तुला माहीत होतं?"

"मशीनचा वाचायचा भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, तर बोळा लाल निघाला. त्याच दिवशी कळलं."

"मग तो बोळा दाखवला का नाहीस?"

"फेकला."

"फेकला! कशाला?"

"आई, कोणाले दाखवू? दाखवला तर पुढे काय होईल, सांग ना. हिले आमची पूजा चालत नाही, असंच म्हणतील. हळदीकुंकवावर आळ घालून राहिली, असं म्हणतील. आन् यमुताईंचं काय? त्यांनी जीव लावून केलं ते. त्यांच्यामुळे सभासदांची नोंद गेली, हे भर बैठकीत सगळ्यांसमोर सांगू?"

"मग तू सांगणार काय?"

"चूक माझी, असं सांगीन. डब्याले कुलूप लावायला पाहिजे होतं."

"नोकरी गेली तर?"

"तर जाईल."

जाईल, म्हणे! जणू बस चुकली. नागपुरात मशीनवर बसवणाऱ्या जागा आहेत तरी किती? आणि 'हिच्या हातून सगळी नोंद पुसली गेली' हे एकदा पसरलं, की दुसरीकडे हिला कोण उभं करील? आमच्या वस्तीतली मशीनवर काम करणारी ही पहिली मुलगी. हिच्यामागून ज्या येतील त्यांनाही हेच ऐकवतील.

मला राग कोणाचा येतो आहे, तेच कळत नाही. वामनरावांचा तर येतोच. दुसरी नक्कल काढू दिली असती तर कुंकू काय, अख्खा नारळ त्या फ्लॉप्यांवर फुटला असता तरी चाललं असतं. त्या अडेल मशीनचाही येतो. पण सगळ्यांत जास्त येतो तो या पोरीचा. हिचा चांगुलपणा असा की फायदा वामनरावांचा, ज्यांची खरी चूक. आणि ज्यांना हिची खरोखर माया आहे, त्या यमुताईंना मात्र ही खरं ऐकण्याच्या लायकीचंही समजत नाही. त्यांना वाईट वाटेल, हे खरं. पण बाई काचेची नाही. भर बैठकीत दुसऱ्याने सांगितलं तर ते आरोप होईल. यमुताई स्वतः उठून म्हणाल्या की हे माझ्या हातून झालं, वामनरावांनी पोरीला दुसरी नक्कल का काढू दिली नाही हेही विचारा, तर वामनराव पूजेच्या आड लपू शकणार नाहीत. ते फक्त त्याच बोलू शकतात. आणि बोलायचं की नाही हे ठरवायला त्यांना आधी कळायला तर हवं.

उत्पला चिडेल. कदाचित आठ दिवस बोलणार नाही. आईने नोकरीत नाक खुपसलं म्हणेल, आणि ते खरंच असेल.

बैठक अकराला आहे. खाली मधुकररावांकडे फोन आहे आणि ते उजाडताच उठतात. मी चहाच्या आधीच खाली जाईन आणि यमुताईंना फोन लावीन. पूजेबद्दल वाकडा शब्द बोलणार नाही. फ्लॉपीची ती उघडी खाच कशासाठी असते, तेवढं आधी सांगेन.