लाल लालच दिसेल असा दिवा

पनवेलच्या जुन्या बाजारात सराफाच्या ओट्यावर बसत होते, तोवर विनायकराव पटवेकरांनी उजेडाचा कधी विचारच केला नव्हता. उजेड रस्त्यावरून यायचा आणि मांडीवर येऊन पडायचा. पायाच्या अंगठ्याला रेशमाचा दोरा अडकवायचा, दुसरं टोक हाताने ताणून धरायचं आणि मणी ओवत, गाठी मारत बसायचं. दागिना घडवतो सोनार, पण तो गळ्यात नीट बसतो पटवेकराच्या हातामुळे. बाजारात भाजी घ्यायला आलेली बाई जाताजाता पोत पुढे करायची, "काका, तुटली हो, तेवढी गाठवून द्या," आणि तिथंच उभी राहून घरातल्या चार गोष्टी सांगून जायची.

पुढे सराफाचा मुलगा गल्ल्यावर बसला. त्याने दुकानाला काचा लावल्या, एसी बसवला आणि ओटा फोडून चकचकीत पायऱ्या केल्या. पोरगा वाईट नव्हता. "काका, काम सगळं तुमच्याकडेच पाठवणार. फक्त घरी बसून करा," म्हणाला. विनायकरावांनी रेशमाच्या लडींचा डबा काखेत मारला आणि नवीन पनवेलच्या आपल्या फ्लॅटमध्ये येऊन बसले.

"चला, आता आमचे बाबाही वर्क फ्रॉम होम!" सून कादंबरी म्हणाली. ती स्वतः हॉलच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून एका विमा कंपनीचं काम करायची.

"ह्यांचं वर्क फ्रॉम फरशी," आशालताबाईंनी स्वयंपाकघरातून टोला हाणला. नवऱ्याची एकही फजिती सोडायची नाही, असं त्यांनी लग्नातच ठरवलेलं असावं.

आतली खोली विनायकरावांना मिळाली. खोली ऐसपैस होती, पण खिडकीसमोर दुसऱ्या विंगची भिंत. भर दुपारीही तिथं संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. छतावरची ट्यूब लावली तर ती नेमकी डोक्यामागे यायची. वाकून काम करायला लागलं की स्वतःच्याच डोक्याची सावली मांडीवर. ते डावीकडे सरकले की सावलीही डावीकडे सरकायची.

मुलगा सत्यजीत बेलापूरच्या ऑफिसातून आला, त्याने हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी टेबल आणलं. टेबलाला लावायचा लांब मानेचा दिवाही आणला. टेबल सुरेख होतं. विनायकराव खुर्चीत बसले, दोरा काढला आणि उजवा पाय वर घ्यायला गेले. पाय टेबलाखालीच अडकला.

"बाबा, अंगठ्याऐवजी दोरा खिळ्याला अडकवला तर? मी खिळा ठोकून देतो."

"खिळ्याला कळतं का रे, कधी सैल सोडायचं ते?"

झालं. टेबलावर कादंबरीचा लॅपटॉप गेला आणि विनायकराव पुन्हा चटईवर आले.

मग कादंबरीने आपला गोल दिवा दिला. मीटिंगमध्ये चेहरा उजळ दिसावा म्हणून ती तो समोर लावायची. विनायकरावांनी काळ्या मण्यांची पोत घेतली आणि पाहतात तो काय, प्रत्येक मण्यात एकेक पांढरी बांगडी! सगळी पोत त्यांच्याकडे डोळे वटारून बघतेय असं वाटलं. त्यांनी दिवा बंद केला.

शेवटी कादंबरीच्या उशाशी असायचा तो छोटा पिवळा दिवा खाली पाटावर आणून ठेवला. तो मात्र मनाला बरा वाटला. मऊ उजेड, डोळ्यांना त्रास नाही, सोनंही झळाळून दिसे. "आता कसं, देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखं वाटतंय," विनायकराव म्हणाले. घरातल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं.

त्याच दिव्याखाली त्यांनी हौसाबाईंची ठुशी गाठवली.

हौसाबाई सुकापूरच्या. जुन्या ओट्याच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. त्यांची ठुशी सासूकडून आलेली, गळ्याला घट्ट बसणारी. मागे लाल रेशमाचा गोफ आणि त्याला गोंडा. नातीच्या हळदीला ही ठुशी तिच्या गळ्यात घालायची आणि गोंडा कुंकवासारखा लालच पाहिजे, हा त्या घरचा नेम. सासूने हौसाबाईंना तसाच घातला होता, हौसाबाईंनी सुनेला. जुना गोंडा विटून तांबूस झाला होता म्हणून नवा करायला दिला.

ठुशी न्यायला हौसाबाई आल्या, चहा घेतला आणि दागिना हातात घेऊन गॅलरीत गेल्या. बराच वेळ बाहेरच उभ्या. मग तिथूनच हाक आली.

"अवो भाऊ, जरा हिकडं या. ह्यो गोंडा लाल नाय."

"लाल नाही? मग काय हिरवा आहे?"

"तुमीच बगा. ह्यो राणी कलर हाय. माज्या नातीला नाचायला न्यायची नाय मला, हळदीला बसवायची हाय."

विनायकराव गॅलरीत आले. दिवसाच्या उजेडात गोंडा चक्क गुलाबी दिसत होता. गडद, झगझगीत राणी. कुंकवाचा त्याला वाससुद्धा नव्हता. उभ्या हयातीत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. गाठ सैल पडली असेल, दोरा लवकर झिजला असेल, पण रंग चुकला नव्हता.

"बदलून देतो," एवढंच म्हणाले.

"द्या. हळद जवळ आलीय पण," हौसाबाई म्हणाल्या. विनायकरावांचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं, कारण चपला घालताना त्या उगाचच म्हणाल्या, "आमचं बी वय झालंच की भाऊ. मी परवा डाळीत साकर टाकली."

त्या समजावणीनेच विनायकराव जास्त खचले. चष्मा नवा होता. डोळ्यांच्या डॉक्टरने सगळं ठीक सांगितलं होतं. पण गुलाबी आणि लाल यातला फरक कळेना, म्हणजे डोळे गेले. दुसरं काय? आणि पटवेकराचे डोळे गेले म्हणजे पटवेकर गेला. त्यांनी लडींचा डबा मिटला, कपाटावर ठेवला आणि सत्यजीतला सांगितलं, "सराफाला फोन कर. म्हणावं, दुसरा माणूस बघा."

आशालताबाईंनी त्या दिवशी एकही टोला हाणला नाही. त्यावरून कादंबरीला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. ती आत आली, पाटावर पडलेली ठुशी उचलली आणि तिचा गोंडा पिवळ्या दिव्यापाशी धरला.

"बाबा, कुठला रंग चुकलाय म्हणालात?"

"हा काय. राणी."

"हा लाल आहे."

"थट्टा करू नकोस ग."

"थट्टा नाही, देवाशप्पथ! मलाही लालच दिसतोय. आई, इकडे या, हा कुठला रंग?"

आशालताबाईंनी हात पुसत वाकून पाहिलं. "लाल. कुंकू." मग कादंबरीने त्यांना हाताला धरून गॅलरीत नेलं. बाहेरून आवाज आला, "अगंबाई! हा तर राणी!"

विनायकराव उठले. गोंडा दिव्याखाली धरला, गॅलरीत नेला, पुन्हा आत आणला. लहान पोराने नवं खेळणं घेऊन फिरावं तसे ते घरभर आतबाहेर करत राहिले. आत लाल, बाहेर राणी. तिशीतल्या सुनेलाही तेच, साठीच्या बायकोलाही तेच.

"म्हणजे डोळे नाहीत गेले," ते हळूच म्हणाले.

"डोळे कुठले जातायत? समोरच्या शेजारणीचं लुगडं बरोबर ओळखता तुम्ही," आशालताबाई म्हणाल्या. घर पुन्हा ताळ्यावर आलं आणि सराफाला करायचा फोन राहूनच गेला.

संध्याकाळी सासरा आणि सून दिव्यांच्या दुकानात गेले. विनायकरावांच्या पिशवीत एक लाल लड, एक राणी, एक डाळिंबी आणि थोडे काळे मणी. दुकानदार प्रितेश ओळखीतला होता. तो बल्बांची खोकी काढू लागला, तर विनायकरावांनी काउंटरवर लडी मांडल्या.

"काका, लोक विचारतात किती वॉट. तुम्ही दोरे काय दाखवताय?"

"तू एकेक लाव. मला ह्या तीन पोरी वेगवेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत."

प्रितेशला मजा वाटली. त्याने पिवळा लावला, तर राणी आणि लाल जुळ्या बहिणी. निळसर पांढरा लावला, तर लाल मेल्यासारखी काळवंडली आणि डाळिंबीला ओळखच राहिली नाही. मग तो जरा विचार करून म्हणाला, "थांबा काका. साडीच्या दुकानवाले माझ्याकडून एक नेतात. उजेड तेवढाच, पण रंग खरा दाखवतो." त्याने आतून खोकं आणलं. ना पिवळा, ना निळा, ढगाळ दुपारी असतो तसा उजेड काउंटरवर पसरला. तिघी पोरी आपापल्या रंगात वेगळ्या होऊन बसल्या. विनायकरावांनी काळे मणी फिरवून पाहिले. काच दुधाळ होती म्हणून चकाकी टोचत नव्हती.

"हाच. पण उभा नको, बुटका स्टँड दे. माझा पाय जिथं असतो तिथं तो पाहिजे."

घरी आल्यावर जागेवरून खल झाला. कादंबरी दिवा धरून सरकत होती, विनायकराव अंगठ्याला दोरा अडकवून सांगत होते, "अजून खाली... आता उजव्या हाताची सावली गाठीवर येतेय, डावीकडे जा... बास!" दिवा पाटावर, डाव्या गुडघ्याच्या थोडा पुढे बसला. मांडीवर आशालताबाईंनी जुन्या धोतराचा पांढरा तुकडा अंथरला, म्हणजे काळे मणी उठून दिसतील. छतावरची ट्यूबही चालूच ठेवायची, असं कादंबरीने बजावलं. नाहीतर एवढीच जागा उजळ आणि बाकी खोली काळोखी, त्याने डोळे शिणतात, हा तिचा लॅपटॉपवरचा अनुभव.

राणी गोंडा कापून विनायकरावांनी ठुशीला नवा बांधला. रेशीम निवडताना हात एकदाच थबकला, मग थबकला नाही.

हौसाबाई आल्या. या वेळी त्यांनी खोलीतच दिव्यापाशी बसकण मारली, ठुशी फिरवून पाहिली आणि सरळ आपल्याच गळ्यात घातली. "आरसा द्या वो कुनी."

आशालताबाईंनी आरसा धरला. हौसाबाईंनी मान वळवून, पदर सारून मागचा गोंडा बघायचा प्रयत्न केला. तो काही दिसेना, तेव्हा सगळ्यांना विचारलं, "कसा दिसतोय?"

"कुंकू," कादंबरी म्हणाली.

हौसाबाईंनी ठुशी काढायची घाई केली नाही. तशाच बसून त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि रुमालात गुंडाळलेली, दोरा तुटलेली एक जुनी मोहनमाळ विनायकरावांच्या मांडीवर, पांढऱ्या तुकड्यावर ओतली. "ही माज्या भैनीची. तिची सून दिवाळीला घालनार हाय. कराल ना तवर?"

विनायकरावांनी एक मणी बोटांत धरला, दिव्याकडे फिरवला.

"दिवाळीच्या आधीच देतो. बहिणीला म्हणावं, आणखी काही असेल तर तेही पाठव," ते म्हणाले, आणि दोरा घ्यायला त्यांनी डब्याकडे हात लांबवला.