अजून पडायचंय

पेठच्या स्टँडसमोर माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ आणि भिंतीवर एक टीव्ही. माझं नाव सावळेराम. तोंडाचा मी फटकळ आहे, अख्खा पुणे-नाशिक रस्ता सांगेल. पण एका माणसावर मी कधी तोंड टाकलं नाही, आणि नेमकं त्याच्यावरच गावानं टाकलं. म्हणून आज बोलतो.

त्याचं नाव खंडू. बौद्धवस्तीतला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, आणि शाळा सुटली की माझा बाप त्याच्या बापाला वेगळ्या कपात चहा द्यायचा. बाप गेला आणि हॉटेल माझ्याकडं आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी ते कप उकिरड्यावर नेऊन फोडले. खंडूला वाटलं असेल काहीतरी, पण वरवर एवढंच म्हणाला, "फोडायचं कशाला राव, कुंड्या केल्या असत्या." तेव्हा तो असा होता, थट्टेखोर. नंतरच्या खंडूला पाहिलेल्यांना हे पटत नाही.

आमच्याकडं जमीन म्हणजे वर हातभर माती आणि खाली काळा दगड. विहीर खोदायची तर सुरुंगाशिवाय इलाज नाही. खंडू आणि त्याचा धाकटा भाऊ कुशाबा सुरुंगवाले होते. कुशाबा दगडात भोकं पाडायचा, दारू ठासायचा. वात पेटवायचं काम खंडूचं. पेटवायच्या आधी खंडू विहिरीच्या काठावर उभा राहून चारी बाजूंना हाळी द्यायचा, "बार हाय! बार हाय!" गुराख्यानं ओ दिल्याशिवाय काडी ओढायचा नाही. मग दोघं बांधाआड जाऊन बसायचे आणि खंडू बार मोजायचा. जेवढे लावले तेवढे उडाले, दगड खाली आले, की तो ओरडायचा, "झाले रं कुशाबा, ये भाईर!" ही हाळी आल्याशिवाय कुशाबा जागचा हलायचा नाही. मालक येऊ दे, पाटील येऊ दे, चहा येऊ दे, तो आपला बांधाआड. आम्ही चिडवायचो, "अरे, भाऊ म्हणंल तवाच श्वास घेतो का?" तर हसून म्हणायचा, "घेतो की. म्हनून तर जित्ता हाय."

पुढं मुंबईच्या एका एजंटामार्फत दोघं सौदीला गेले. तिथंही दगड फोडायचंच काम, रस्त्यांसाठी. कुशाबाची बायको जानकाबाई आणि तान्हा पोरगा संघर्ष इथं राहिले. खंडूची बायको लग्नानंतर लवकरच गेली होती, मूलबाळ नव्हतं.

मग चारेक वर्षांनी कुवेतची लढाई लागली. माझ्या टीव्हीपुढं तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची. इराककडून क्षेपणास्त्र सुटायचं, अमेरिकेचं दुसरं क्षेपणास्त्र खालून जाऊन त्याला वरच्यावर फोडायचं, आणि इथं भज्याची ताटली हातात धरून लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या. जानकाबाई दाराशी उभी राहून बघायची, आत येत नव्हती. ती एकच विचारायची, "सौदीचं काय म्हनत्यात, भाऊ?" मी म्हणायचो, "काळजी करू नकोस, सगळी वरच्यावर फोडतायत."

लढाई संपली आणि खंडू परत आला, एका लाकडी पेटीबरोबर. कुशाबाला ट्रकनं उडवलं, असं त्यानं सांगितलं. जानकाबाई पेटीवर आडवी पडली. एकदा तोंड दाखवा, एवढंच ती म्हणत होती. माणसंही म्हणाली, दाखवा बाबा, बायको आहे त्याची. खंडूनं पेटीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "उघडायची न्हाई." ट्रकखाली गेलेल्या माणसाचं काय राहतं, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून आम्ही गप्प बसलो. ती मात्र गप्प बसली नाही. पुढं कितीतरी वर्षं भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "तोंड तरी दावायचं व्हतं."

त्यानंतर खंडू विहिरीवर कधी गेला नाही. मंचरच्या मार्केट यार्डात बटाट्याची पोती उचलायला लागला. आणि एक वेगळंच खूळ त्याच्या मागं लागलं. वरातीत फटाके उडाले, आकाशात बाण फुटला, पोरं नाचत पुढं धावली, की हा गर्दीत घुसायचा आणि दिसेल त्या पोराचं मनगट धरून ठेवायचा. "थांब. अजून पडायचंय." कशाचं काय पडायचंय? पोरं हिसडे द्यायची, आया शिव्या घालायच्या. बाण विझला, राख झाली, तरी हा वर बघत उभा.

आणि आमचं गाव! दुसऱ्याचं दुःख दिसलं की आम्हाला चिडवायला नाव मिळतं. पोरंटोरं त्याला 'अजून पडायचंय' म्हणायला लागली. रस्त्यानं चालला की मागून कोणीतरी ओरडायचं, "खंडूतात्या, अजून पडायचंय!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तर मी झारा घेऊनच बाहेर आलो. खंडू म्हणाला, "जाऊ दे. खरंच बोलत्यात ती."

पण त्या पोराला, संघर्षला, त्यानं कसं वाढवलं ते बघायला पाहिजे होतं. सायकलवर पुढं बसवून शाळेत न्यायचा. ताप आला की रात्रंदिवस उशाशी. संघर्ष त्याला आबा म्हणायचा. ती हाक आली की पाठीवर पोतं असलं तरी हा वळायचा. जगात त्याला दुसरं होतं कोण? भाऊ गेलेला, भावजय एका घरात राहून अबोल, पोटचं लेकरू नाही. एकदा माझ्यापाशी बोलून गेला होता, "सावळ्या, ह्ये पोरगं माज्यापासनं तुटलं तर मी ऱ्हात न्हाई." मला वाटलं, शिकून पुण्याला जाईल म्हणून घाबरतोय. मी हसण्यावारी नेलं.

पोरगं हुशार निघालं. इंजिनियर झालं. दोन हजार आठ साली त्याला कुठल्याशा संशोधन संस्थेत नोकरी लागली. संस्थेचं नाव सांगायची परवानगी नाही म्हणाला. काम मात्र सांगितलं, लेसरचं. चौदा एप्रिलला जयंती होती. विहारापुढं मांडव घातला होता, तिथं त्याचा सत्कार ठेवला. मला आमंत्रण होतं. खंडू पहिल्या रांगेत, सतरंजीवर. इस्त्रीचा सदरा आणि कॉलरला अजून दुकानाची टाचणी तशीच. मी शेजारी बसलो आणि ती काढली.

संघर्ष माइकपुढं उभा राहिला. बोलायला छान होतं पोरगं. म्हणाला, अमेरिकेनं एक जंबो विमान तयार केलंय. त्याच्या नाकात तोफ आहे, पण त्या तोफेतून गोळा सुटत नाही, किरण सुटतो. डोळ्यांना न दिसणारा. शत्रूचं क्षेपणास्त्र जमिनीवरून उडालं, वर चढायला लागलं, की विमान लांबूनच तो किरण त्याच्या अंगावर धरून ठेवतं. भिंगानं कागद जळतो ना, तसं. क्षेपणास्त्राचा पत्रा तापतो, मऊ होतो, आतल्या इंधनाच्या दाबानं टाकी फुटते आणि सगळं संपतं. आपल्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. "आपल्या देशातपण असं विमान असावं, हे माझं स्वप्न आहे," तो म्हणाला. लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की मांडव हलला.

टाळ्या थांबल्यावर खंडू उठून उभा राहिला. मागून कोणीतरी हसलं.

"बाळा," तो म्हणाला, "फुटल्यावं पडतं कुठं?"

पोरगं खुश झालं. आबानं प्रश्न विचारला याचंच त्याला कौतुक. म्हणाला, "आबा, तीच तर गंमत आहे! आपल्यावर पडतच नाही. ते वर चढतानाच फुटतं, म्हणजे पडलं तर त्यांच्याच बाजूला, त्यांच्याच जमिनीवर."

पुन्हा टाळ्या. मीही हात उचलले होते.

"आन् त्या जिमिनीवं कोन आसतं?"

"शत्रू असतो, आबा."

"तुजा बाप आसतो," खंडू म्हणाला.

एवढं बोलून तो खाली बसला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. पण इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेलं एकदा वर आलं की माणसाच्या हातात राहत नाही. तो पोराकडंच बघून बोलत राहिला.

"कुशाबा काय कुनाचा शत्रू व्हता का रं? दुसऱ्याच्या जिमिनीवं पोटासाठी ऱ्हायला व्हता. सांजच्याला जेवायला बसलो आन् भोंगा झाला. कॅम्पाच्या कडंला शिमिटाचा मोठा पाइप व्हता, समदी त्यात शिरलो. वर दोन बार झाले. आदल्या टायमाला बी दोनच झाले व्हते. आभाळ लालबुंद. समदी भाईर पळाली, टाळ्या वाजवत, वरच्यावर फोडलं म्हनत. मी बी भाईर आलो. पर कुशाबा आला न्हाई. त्यो पाइपातच बसला व्हता. माजी हाळी आली नव्हती ना."

तो एक पाऊल पोराकडं सरकला.

"मंग मी हाळी दिली. झाले रं कुशाबा, ये भाईर. हिरीवं देतो तशी. हिरीचा दगड लई वर जात न्हाई, बाळा, लगेच खाली येतो. ह्यो आभाळातनं यायचा व्हता. अजून पडायचं व्हतं. मला काय ठावं! कुशाबा हसत हसत भाईर आला, आन् पत्र्याचा यवढा मोठा तुकडा..."

त्यानं दोन्ही हात पसरून तुकडा केवढा होता तेवढं दाखवलं आणि हात तसेच राहिले.

संघर्षच्या गळ्यात सत्काराचा हार होता. त्याला तो काढायचंही सुचत नव्हतं. "ट्रक म्हणाला होतास तू," एवढंच तो बोलला. जन्मात पहिल्यांदा त्यानं वाक्यात आबा म्हटलं नाही. ते खंडूला कसं लागलं असेल, ते मी शेजारी बसून बघितलं. बाण लागल्यावर डुक्कर आधी नुसतं थबकतं, तसा तो थबकला.

बायकांच्या बाजूनं जानकाबाई उठली. मला वाटलं, आता कडाडणार. ती खंडूपुढं येऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "म्हनून पेटी उघडू दिली न्हाई." त्यानं मान हलवली. ती वळून घराकडं चालायला लागली.

पावसाळ्याच्या आत संघर्षनं आईला पुण्याला नेलं. नोकरी त्यानं सोडली नाही, आणि सोडावी असं माझंही म्हणणं नव्हतं. पण गावाला फोन केला तर मला करायचा, खंडूला नाही. मी त्याला झापलं एकदा. म्हणालो, "अरे, चूक झाली असंल, पण त्या माणसानं रोज त्याची किंमत मोजलीय. तुला कोणी वाढवलं?" तो म्हणाला, "काका, माझे वडील त्याचं ऐकून बाहेर आले. त्याचं."

खंडू रोज माझ्याकडं येऊन बसायचा. फोन वाजला की मान वर करायचा. मी नाही म्हटलं की पुन्हा खाली. यार्डातलं काम सुटलं, जेवण तुटलं. पोरंही चिडवायची बंद झाली, आता सगळ्यांना कळलं होतं ना. त्यामुळं तर रस्ता आणखीच सुना झाला त्याला. पुढच्या वर्षीच्या थंडीत एका सकाळी तो आला नाही. मी गेलो, तर अंथरुणात गार पडलेला. डॉक्टर हृदय म्हणाले. असेल.

संघर्ष आला, अग्नी दिला. रडला नाही. जानकाबाई आलीच नाही. मला इतका राग आला होता दोघांचा, की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

फेब्रुवारीत तो पुन्हा आला. घराला कुलूप घालून, भांडीकुंडी विहारात देऊन माझ्याकडं येऊन बसला, बरोबर खंडूच्याच बाकड्यावर. मी कप पुढं ठेवला. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, आणि त्यात तेच विमान आलं. अमेरिकेच्या त्या जंबोनं समुद्रावर खरंखुरं क्षेपणास्त्र पाडून दाखवलं होतं. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ वर चढत होती. मग ती एका जागी फुलली, तुटली, तुकडे झाले. एसटीची वाट बघणारी पाच-सहा माणसं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात उचलले गेले. जुनी खोड.

माझं मनगट कोणीतरी धरलं. संघर्षनं. घट्ट, दुखेपर्यंत.

"थांबा, काका," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "अजून पडायचंय. आबा म्हणायचे." मग त्याचा चेहरा मोडला आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला. ज्याला ती 'आबा' हाक ऐकायची होती त्याची केव्हाच राख झाली होती.

चहा उतू जात होता. मी उठलो नाही. तो मनगट सोडीना आणि मलाही सोडवून घ्यावंसं वाटेना. आम्ही दोघं टीव्हीकडं बघत राहिलो. त्यांनी ती रेघ तुटताना पुन्हा पुन्हा दाखवली, पण खाली काय पडलं ते एकदाही दाखवलं नाही.