आवरलेली बाग

माझी आत्या स्वतःच्या नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि बागेत गवताचं पातं उगवू द्यायची नाही. पाहुणा उठून दारापर्यंत पोचायच्या आत त्याच्या खुर्चीवरची उशी झटकून व्हायची. आम्ही भाचरं तिला चोरून ‘आवराआवर’ म्हणायचो. तिला कळलं तेव्हा रागावली नाही, उलट खूशच झाली.

एका वर्षी वादळानं तिची निम्म्याहून जास्त फळझाडं मुळासकट आडवी केली. नवरा गेल्यावर एकटीनं जोपासलेली बाग ती. सरकारनं शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. साहेब येऊन पडलेली झाडं बघणार, त्याप्रमाणे पैसे मिळणार. त्यातून नवी रोपं लावली की बाग वाचली, नाहीतर विकावी लागणार, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि तरी बाईनं काय करावं? साहेब येणार म्हणून बाग आवरायला घेतली! करवतवाले बोलावले, ट्रॅक्टरनं बुंधे ओढून काढले, फांद्या जाळल्या, लाकूड वखारीत धाडलं, खड्डे बुजवून वर दाताळं फिरवलं. मी पाहणीच्या दिवशी पोचले, तर झाडं पडली होती तिथली जमीन पाटासारखी सपाट.

“आत्या, हे काय केलंस?”

“अगं, परका माणूस येणार. त्याला काय पसारा दाखवायचा?”

साहेब भला माणूस होता. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“बाई, पडलेली झाडं कुठायत?”

“आवरली की सगळी,” आत्या म्हणाली. शाबासकीची वाट बघत होती बिचारी.

“फोटो वगैरे?”

“इश्श, त्या पसाऱ्याचे कोण फोटो काढतं?”

साहेबानं टोपी काढून डोकं खाजवलं. “मला डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहिता येतं हो. इथं तर मोकळी जमीन दिसतेय.”

शेजारच्या बागेचा मालक, आम्ही त्याला सुस्तोबा म्हणायचो, कुंपणावरून ओरडला, “अहो, माझ्यादेखत पडली झाडं! मी सांगतो ना!”

“शेजाऱ्याचं सांगणं धरत नाहीत,” साहेब म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून रोपं येत नाहीत.

सुस्तोबानं वादळानंतर एक काटकी हलवली नव्हती. त्याला पुरेपूर मदत मिळाली. पुढे आत्याची बागही त्यानंच घेतली, आणि रास्त भाव दिला, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही. मी चिडते ती आत्यावर. अख्खं आयुष्य शहाण्यासारखं वागलेल्या बाईनं नेमकं तेव्हाच असं करावं? मग तिच्याकडे बघते आणि तिच्यासाठी चहा टाकते.

ती आता माझ्याकडे असते. परवा तिच्या हातून कप निसटला. मी केरसुणी घेऊन धावले, तर तिनं माझं मनगट धरलं.

“थांब. आधी कुणीतरी बघू दे.”

“मी बघितला ना, आत्या.”

“तू घरची,” ती म्हणाली. “तुझं कोण धरतंय?”