मखमलचा वस्तरा

दोन भावांचं सलून होतं. थोरला केस कापायचा, धाकटा दाढी करायचा. धाकट्याचा हात इतका हलका, की गिऱ्हाइकं खुर्चीतच घोरायला लागत. गल्लीनं त्याचं नाव मखमल ठेवलं. खरं नाव बहुधा बायकोच्याही लक्षात राहिलं नसावं.

मग रोज संध्याकाळी त्याची डावी पापणी खाली उतरायला लागली. लोकांनी आधी मजा घेतली. या वयात डोळा मारतोस, वहिनींना सांगू का, वगैरे. मखमलही हसायचा. पण पुढे वस्तराच जड व्हायला लागला. सकाळी हात ठणठणीत, चार दाढ्या झाल्या की दंडातला जीव गेल्यासारखा. एकदा मास्तरांच्या गालावर वस्तरा निसटला. ओरखडा बारीकच होता. पुढच्या वेळी मास्तर दाढीलाही थोरल्याच्या खुर्चीत बसले.

बायकोनं डॉक्टर गाठले. पण डॉक्टरकडे जायचं तर माणूस कसा नीटनेटका दिसला पाहिजे, हा तिचा खाक्या. आदल्या दिवशी काम बंद, सकाळी उशिरापर्यंत झोप, मग अंघोळ, इस्त्रीचा सदरा. नवरदेवच जणू. डॉक्टरांनी हात दाबून पाहिले, काही सापडलं नाही, विश्रांती घ्या म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांकडेही हीच वरात गेली. तिसऱ्यांनी तर तब्येतीचं कौतुक केलं. तोवर मखमलला घास गिळणंही जड जाऊ लागलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी थोरला त्याला अंगावर उडालेल्या गिऱ्हाइकांच्या केसांसकट दुकानातून उचलून मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मागोमाग बायको धावत आली, सदरा हातात घेऊन. बाईंनी मखमलला छताकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली.

याला मायस्थेनिया म्हणतात, बाई म्हणाल्या. हालचालीचा निरोप मज्जातंतूतून स्नायूच्या दाराशी येतो, पण शरीराचेच पहारेकरी ते दार मोडत असतात. काम केलं की स्नायू थकतो, विसावा मिळाला की पुन्हा तरतरीत.

बायकोच्या हातातला सदरा चुरगळला. "म्हणजे दर वेळी मीच दुखणं झोपवून नेत होते."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नाही म्हणाल्या नाहीत.

गोळ्यांनी पापणी उघडली, घास उतरू लागला. हात मात्र अर्धाच परतला. उरलेल्याचं वचन बाईंनी दिलं नाही.

दुकानात मखमलच्या खुर्चीकडे कुणी फिरकेना. एकदा दुकान बंद करायच्या वेळी थोरलाच तिच्यात जाऊन बसला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. मखमलनं फेस लावला, वस्तरा उघडला. दंड जड झाला. भावाच्या गळ्यावरची शीर उडत होती. तिच्याकडे तो पाहत राहिला.

मग त्यानं वस्तरा मिटला आणि ओल्या टॉवेलानं फेस पुसायला घेतला. अगदी हलक्या हातानं.

"झाली, दादा."

थोरल्यानं खुंट वाढलेल्या गालावरून हात फिरवला. "छान झाली," म्हणाला, आणि डोळे उघडायला त्याला जरा वेळच लागला.