शहापूरच्या रानात, शिकारकंपनीशिवाय (१९६२)

सांबराच्या शिकारीला जायचं तर शिकारकंपनी घ्यावी की सगळं आपलं आपण जमवावं, असं हल्ली लोक मला विचारतात. मला, म्हणजे घाटकोपरच्या एका शाळामास्तरणीला! याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

आमचे बाबा मूळचे कुडाळकडचे, पण आयुष्य गिरणीत गेलं. परवान्याची जुनी बंदूक आणि एकदा तरी सांबर मारायची हौस, दोन्ही त्यांनी गावाहून आणलेली. दादाने फोर्टातली एक कंपनी शोधली. मोटार, तंबू, खानसामा, हाकेवाले, सगळं त्यांचं. दोन महिन्यांचा पगार मात्र आपला. मी म्हटलं, "मी ठरवते सगळं."

दादा हसला. "तू गं? वाट लागली मग!"

ठाण्याला खेपा घालून जंगलखात्याचा परवाना मीच काढला. फक्त नराचा, मादीवर बंदूक उचलायची नाही. जाणार असाल तर हे काम सर्वांत आधी उरका. शनिवारी आम्ही तिघं आसनगावला उतरलो, एसटीने शहापूर, पुढे बैलगाडी. रस्त्याने हाडं खिळखिळी केली. मुक्काम हाकेवाल्यांचा म्होरक्या सोमा याच्या पडवीत, जेवायला नाचणीची भाकरी. सुके बोंबील घरून न्या, तिथे त्यांचं फार कौतुक होतं.

रविवारी सकाळी हाका झाला. डबे बडवत माणसं रान उठवत आली आणि झाडीतून मोठ्या शिंगांचा नर बाहेर पडला. बाबांनी बार काढला. सांबर अडखळलं, पण पळालं. मागे पानांवर रक्त होतं.

दादा म्हणाला, "दुपारची एसटी चुकली तर उद्या ऑफिस बुडेल, बाबा. कंपनी असती ना, तर त्यांची माणसं शोधत बसली असती, आपण निघालो असतो."

"तू जा," बाबा म्हणाले. "जखमी जनावर रानात टाकून मी घराक येवचंय नाय."

दादा गेला. बाबांचे गुडघे टेकडी चढेनात, म्हणून नाल्याच्या एका अंगाने सोमा निघाला, दुसऱ्या अंगाने मी. रक्त कुठे थेंबभर, कुठे तेवढंही नाही. माग पार हरवला तेव्हा मला रडूच आलं. आम्ही दुखवलेला जीव कुठेतरी तडफडत होता. मग ओल्या मातीत खूर दिसला, पुढे मोडलेली कारवी, आणि तिच्याआड बसलेलं सांबर. मी हळूच मागे सरकले आणि बाबांना हाताला धरून वर आणलं. शेवटचा बार त्यांनी काढला आणि डोक्यावरची टोपी उतरवली.

कंपनी वाईट नसते. ऐपत असेल तर जरूर घ्या. पण बार नीट लागला नाही तर जनावरामागे कोण जाणार, एवढं घरून ठरवून निघा.

आमच्याकडे शिकारीचे वाटे पडतात, रानात राबलेल्या प्रत्येक गड्याला एक. बायकांनी फक्त शिजवायचं. बाबांनी एक वाटा जास्त मांडला.

"ह्यो कुणाचा?" सोमाने विचारलं.

"माझ्या चेडवाचो," बाबा म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी, मी.

मीठ-हळद लावून मटण सोमवारी घरी आणलं. माझी शाळा मात्र बुडाली होती. आई दोघांचे वाटे एकाच टोपात ओतू लागली, तसे बाबा ओरडले, "तो तिचो आसा. तिका इचार आधी!"

मी माझा वाटा वेगळा शिजवला. पहिली ताटली दादाला दिली. उरलेलं घेऊन चाळीत घरोघरी गेले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "माझ्या शिकारीतलं आहे."