नसलेल्या सिनेमाची फिर्याद

नोकरी संपून वर्षं झाली की केसेस एकमेकींत मिसळतात. कुठल्या घरफोडीत कुठला आरोपी होता, हे मला आता धड सांगता येणार नाही. ही एक केस मात्र तशी मिसळली नाही. नावं मी कुणाचीच देत नाही. त्या लोकांची मुलंबाळं याच भागात राहतात.

स्वातंत्र्यानंतरची सुरुवातीची वर्षं. मी कल्याणच्या पोलीस ठाण्यात फौजदार होतो आणि डोंबिवलीचा भाग आमच्याच हद्दीत येत असे. मालधक्क्यावरच्या चोऱ्या, रेशनच्या धान्याचा काळाबाजार, बांधावरून झालेल्या मारामाऱ्या, हे आमचं रोजचं काम. एका सोमवारी सकाळी शिपायांची हजेरी आटोपून मी खोलीत येऊन बसलो, तर बाहेर ठाणे अंमलदाराचा आवाज चढलेला ऐकू आला. आमचे अंमलदार म्हणजे जुने जमादार, शीघ्रकोपी माणूस.

"सिनेमाची तक्रार टॉकीजवाल्याकडे करायची. इथं कशाला आलात?"

मी दोघांना आत बोलावलं. एक होते डोंबिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर. दुसरे रेल्वेतले बुकिंग क्लार्क. दोघंही चाळिशीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले. पोलीस ठाण्याची पायरी आयुष्यात पहिल्यांदाच चढले असावेत. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "साहेब, फिर्याद अशी नाही. पण कितीतरी रात्री झोप लागलेली नाही म्हणून आलो."

त्यांनी जे सांगितलं ते असं. डोंबिवलीत एका शिंप्याच्या दुकानात दर रविवारी दुपारी चौघांची बैठक बसे. चौघांनाही सिनेमाचं वेड, आणि तेही खुनाच्या, रहस्याच्या, बुरखेवाल्यांच्या जुन्या सिनेमांचं. मूकपटांच्या काळातले, लढाईआधीचे. त्यांतले बरेच आता कुठंच लागत नव्हते. मग ज्याने जो पाहिला असेल, तो त्याने तोंडाने दाखवायचा. दिवाणजीच खुनी आहे हे कितव्या रिळात कळतं, बुरखेवाली बाई आधी गॅलरीत दिसते की तळघरात, यावर त्यांची कडाक्याची भांडणं होत. शिंपीदादा मशीनवर बसून मारामारीचे आवाज काढत. बुकिंग क्लार्कांकडे तर सिनेमाबरोबर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या पेटीभर होत्या.

चौघांतला चौथा रेशनिंगच्या कचेरीतला कारकून. वयाने सगळ्यांत लहान, तिशीच्या आतला, अविवाहित. खाडीकडच्या एका गावचा. गावातला पहिला मॅट्रिक, आणि आता डोंबिवलीत खोली घेऊन एकटा राहणारा. बहुतेक वेळा तो नुसता ऐकायचा. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी तो म्हणाला, "मी एक पाहिलेला, मुंबईला. नाव विसरलो." आणि त्याने गोष्ट सांगायला घेतली.

खाडीकाठचं गाव. दोन भाऊ आणि एक विधवा बहीण. बहिणीला मिठागरावरच्या एका माणसाशी पाट लावायचा असतो. माणूस दुसऱ्या जातीचा. थोरला भाऊ पंचात बसणारा. गावच्या जत्रेचा दिवस, सगळं गाव देवळाकडे. घरात वाद होतो, थोरला हातात येईल ते उचलतो आणि मारतो. बहीण पडते. मग तो धाकट्याला म्हणतो, पाय धर. दोघं तिला शेतातल्या पडक्या विहिरीत टाकतात आणि वरून दगडमाती लोटतात.

"तो इथंच थांबायचा," मास्तर म्हणाले. "पुढं काय, विचारलं की म्हणायचा, शेवट आठवत नाही. पण दुसऱ्या रविवारी पुन्हा तीच गोष्ट, पुन्हा तिथंच थांबणार. आणि आम्हाला विचारणार, तुम्हाला काय वाटतं, तिला टाकलं तेव्हा ती जिवंत होती का? म्हणजे ती कण्हल्यासारखं धाकट्याला वाटतं. थोरला म्हणतो, वारा आहे."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

मास्तरांनी बुकिंग क्लार्कांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"मी म्हटलं, अहो, जिवंतच असणार," क्लार्क हळू आवाजात म्हणाले. "नाहीतर सिनेमा पुढं सरकेल कसा? ती विहिरीतून बाहेर येणार, बुरखा घालणार आणि एकेकाचा सूड घेणार. सगळ्या सिनेमांत तसंच असतं. आम्ही हसलो, साहेब. शिंप्यांनी तर विहिरीतून वर येणाऱ्या बाईचा आवाजही काढून दाखवला. तो उठला, चपला तिथंच ठेवून अनवाणी गेला. त्यानंतर दुकानाकडे फिरकला नाही."

"असा सिनेमा निघालाय का?"

"नाही. मला माहीत नसलेला एखादा असेलही. पण त्याचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही," मास्तर म्हणाले. "तो सांगायचा, धाकट्यानं तिचे पाय धरले आणि थोरल्यानं खांदे, आणि उचलताना तिच्या केसांना माक्याच्या तेलाचा वास येत होता. सकाळीच न्हालेली होती म्हणून. साहेब, सिनेमात वास कुठून येणार?"

बाहेर जमादार दारापाशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कधीच उतरला होता.

निव्वळ या बोलण्यावर कुणाच्या हातात बेडी घालता येत नाही. तपास आधी आजूबाजूने करावा लागतो. त्या गावाच्या शेजारचाच एक हवालदार माझ्याकडे होता. त्याला साध्या कपड्यांत पाठवलं. पोलीस पाटलाकडून कळलं ते असं. कारकुनाला थोरला भाऊ आहे, पंचात बसतो, वजनदार माणूस. एक बहीणही होती, लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आलेली. काही वर्षांपूर्वी ती विठ्ठलवाडीच्या मावशीबरोबर काशीला गेली आणि तिकडेच पटकीने वारली, असं भावाने गावात सांगितलं होतं. तेरावंही घातलं होतं. हरवल्याची नोंद नाही, कुणाची तक्रार नाही. मिठागरावरचा तो माणूस त्याच सुमारास काम सोडून निघून गेलेला.

विठ्ठलवाडीला मी स्वतः गेलो. मावशी स्टेशनजवळ लेकीकडे राहत होती. पाठीत वाकलेली, पण बोलणं खणखणीत. ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी काशीची यात्रा कशी झाली, असं सहज विचारलं.

"मी कवा गेले काशीला?" ती म्हणाली. "कल्यानच्या फुडं मी गेलेली नाय, साहेब."

"भाची तुमच्याबरोबर गेली होती ना?"

तिचा हात सुपातच थांबला. तिला थोरल्या भाच्याने सांगितलं होतं की पोरगी त्या मिठागरवाल्याबरोबर पळाली, आणि घराची अब्रू राखायची तर तोंड मिटून बस. इतकी वर्षं ती भाचीला मनातल्या मनात शिव्या देत होती आणि कुठंतरी तिचा संसार चालला असेल असंही समजत होती. गावाला एक गोष्ट सांगितलेली, मावशीला दुसरी, आणि दोन्ही खोट्या. मी उठलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे ती कुठंच गेली नाय का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाला ठाण्यात बोलावलं. शिपाई पाठवून कचेरीत त्याचा तमाशा करायचा नाही, असं ठरवलं होतं. निरोप मास्तरांकडूनच दिला. तो वेळेवर आला. सडपातळ, सावळा, सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. मी खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं आणि चहा मागवला. आरोपी दरडावल्याने बोलतो असा समज आहे. काही बोलतातही. पण ज्याला आतून बोलायचंच आहे, त्याच्यावर ओरडलं तर तो कायमचा मिटतो.

मी म्हटलं, "तुमच्या सिनेमाबद्दल ऐकलं. मलाही शेवट कळला नाही."

त्याने कप बशीत ठेवला. "तो सिनेमा नाही," तो म्हणाला.

"मला कल्पना आहे."

"तुम्ही मावशीकडे गेलेलात असं कळलं. तिनं माझ्यासाठी काही निरोप दिला का?"

"नाही."

मग तो बोलू लागला. गोष्टीत जे होतं तेच, फक्त 'धाकटा भाऊ' म्हणायच्या जागी आता 'मी' येत होतं. तो तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, जत्रेसाठी घरी आलेला. आईवडील आधीच वारलेले. बहीण त्याच्याहून मोठी. तिनंच त्याला वाढवलं, शाळेत घालण्यासाठी थोरल्याशी भांडली. वाद सुरू झाला तेव्हा तो ओटीवर होता. मुसळाचा घाव बसल्याचा आवाज त्याने ऐकला, पाहिला नाही.

"दादा म्हणाला, पाय धर. मी धरले. नाही म्हणायचं सुचलंच नाही, साहेब. दादानं सांगितलं की करायचं, एवढंच आम्ही शिकलेलो. विहिरीशी गेलो तेव्हा मला वाटलं ती कण्हली. मी म्हटलं, दादा, थांब. तो म्हणाला, वारा आहे, लोट. मी माती लोटली."

"मग दुकानात का सांगितलंत?"

"कुणालातरी विचारायचं होतं. सरळ विचारता येत नव्हतं. ते लोक इतके सिनेमे बघतात, खुनाचं त्यांना सगळं कळतं. वाटलं, एखादा तरी म्हणेल, नाही हो, ती घाव बसताच गेली." त्याने डोळे पुसले नाहीत, गालांवरून पाणी तसंच वाहत होतं. "त्यांनी सांगितलं, जिवंत होती."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन जबाब नोंदवला. मग पंच घेऊन गावाबाहेरच्या शेतात गेलो. विहिरीची जागा त्यानेच दाखवली. तिच्यावर करवंदीची जाळी वाढली होती. खणायला मजूर लावले. सगळं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. संध्याकाळच्या आत अवशेष मिळाले. हाडांबरोबर दंडातली चांदीची वाकी निघाली. ती मावशीने ओळखली. भाचीच्या लग्नात तिनंच घातली होती.

थोरल्याला घरीच अटक केली. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही, की नाकबूलही केलं नाही. फेटा बांधून तो तयार होऊन बसला होता. "धाकट्यानं सांगितलं ना? तो सांगणार हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. वाटेत एकदाच पुन्हा बोलला, "त्या शेतात मी परत भात लावला नाय." दया यावी म्हणून बोलला असं मला वाटलं नाही. तो घाव घालणारा माणूसही त्या दिवसापासून त्या शेताच्या बाजूला बघू शकला नव्हता, इतकंच त्यातून मला कळलं.

धाकट्याला माफीचा साक्षीदार केलं. ठाण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि थोरल्याला सक्तमजुरी झाली. धाकट्याची सरकारी नोकरी टिकली नाही.

अवशेष सरकारी डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा मी पत्रात एक प्रश्न मुद्दाम घातला होता. मृत्यू घावाने लगेच झाला की नंतर? खटल्यालाही त्याचं महत्त्व होतं, पण खरं तर प्रश्न कारकुनाचा होता. डॉक्टरांनी कवटीवरचा तडा दाखवला आणि म्हणाले, "घाव जीवघेणा होता. पण श्वास कधी थांबला, हे हाडं सांगत नाहीत."

त्याला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. जमादार म्हणाले, "साहेब, लगेच गेली म्हणून सांगून टाका. कुणाचं काय बिघडतंय?" मोह मलाही झाला होता. पण थोरल्या भावाने वारा आहे म्हणून सांगितलं, तेही त्याला गप्प करायलाच. मी त्याला डॉक्टर म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने मान हलवली. "म्हणजे कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं झालं, खरं सांगितलंत."

निकालानंतर अवशेष त्याच्या ताब्यात दिले. खाडीकाठच्या स्मशानात तो, मावशी आणि गावातली चार माणसं होती. मी गेलो होतो. थोड्या वेळाने मास्तर, बुकिंग क्लार्क आणि शिंपीदादा आले आणि लांब उभे राहिले. शिंप्याने कारकुनाच्या दुकानात राहिलेल्या चपला कागदात गुंडाळून आणल्या होत्या, पण देण्याचं धाडस त्याला होईना. शेवटी कारकूनच त्यांच्याजवळ गेला. ते चौघं काय बोलले मला ऐकू आलं नाही. बुकिंग क्लार्क मात्र त्याचा हात सोडत नव्हते. रविवारची त्यांची बैठक त्यानंतर भरली नाही, असं मास्तरांनी मला पुढे एकदा सांगितलं.

तपासाच्या कामात आम्ही माणसाला बोलतं करायच्या युक्त्या शिकतो. या केसनंतर मी हाताखालच्या लोकांना वेगळं सांगू लागलो. माणूस बरेचदा आधीपासून बोलतच असतो. कुणाच्या नावावर, कुठल्या गोष्टीच्या आडून. ते ऐकणारा लागतो. मास्तरांनी ऐकलं म्हणून ती बाई विहिरीतून निघाली. तिच्या भावाला त्यामुळे सुख लाभलं असं मी म्हणणार नाही. तो पुढे नाशिककडे कुठंतरी गेला, एवढंच कानावर आलं.

त्या दिवशी स्मशानात क्रियेला बसलेल्या भटजींनी विचारलं, "मृताचं नाव?" दुकानात सांगताना ती नुसती 'बहीण' होती, आमच्या कागदांत 'मयत'. कारकुनाने मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिचं नाव घेतलं. मावशीच्या तोंडून हुंदका फुटला. भटजींना पहिल्या वेळीच स्पष्ट ऐकू आलं होतं, तरी त्याने ते नाव पुन्हा एकदा सांगितलं.