क्याजल्टीच्या दारातली रंगुबाई

सांगलीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर माझी खाणावळ होती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण त्याची काही चूक नव्हती, आणि नाव दिसलं की लोक चूकच शोधत बसतात. पेशंटच्या नातेवाइकांना मी भाकरी, आमटी आणि चहा विकायची. माझी जीभ पहिल्यापासून फटकळ. गिऱ्हाईक यायचं ते भुकेपोटी, माझ्या गोड बोलण्यासाठी कुणी येत नव्हतं. आणि त्या गिऱ्हाइकाला रस्त्यातच अडवणारी बाई माझ्याच चुलीपुढं बसून भाकऱ्या थापायची. तिचं नाव रंगुबाई.

अपघात विभागाला आमच्याकडं सगळे क्याजल्टी म्हणत. क्याजल्टीच्या दारात जीप, ट्रॅक्टर किंवा बैलगाडी थांबली की रंगुबाई हातातलं काम टाकून पळायची. तव्यावरची भाकरी तव्यावरच राहायची. करपल्याचा वास आला की मी समजायचे, कोणीतरी आलं. पेशंट आत नेईपर्यंत ती त्याच्या माणसांना गाठायची आणि एकच विचारायची, "पोटात काय दिलंय का? पानी, च्या, काय बी?" नाही म्हटलं तर म्हणायची, "मग आता देऊ नगा." दिलंय म्हटलं तर दंडाला धरून आत ढकलायची. "जावा, डाक्टरला सांगा. लपवू नगा."

"तू माझा धंदा बुडवायला आलीयस," मी तिला म्हणायचे. ती हसायची नाही, चिडायचीही नाही. स्वतः कोरा चहा प्यायची. दुधाचा थेंब चालत नसे. सुरुवातीला मला वाटलं, नखरे आहेत.

ती मूळची जत भागातली, मेंढरांच्या कळपामागं जन्म गेलेली. नवरा हरिबा, एकुलता एक लेक सिद्धू. पाऊस सरला की ही माणसं कळप घेऊन कृष्णाकाठी यायची. उसाच्या मुलखात शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, आणि धनगराला त्याबदल्यात धान्य मिळतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली त्यांचा कळप इस्लामपूरजवळ हंबीररावांच्या रानात बसला होता. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मोठ्या आवाजाचे पण मनानं सरळ.

त्या सकाळी सिद्धू कोकरांना पाला काढायला बांधावरच्या बाभळीवर चढला. फांदी मोडली आणि तो पोटावर आपटला, खाली बांधाचा दगड होता. वरून ओरखडासुद्धा नाही. उठून बसला, बोलला, पण रंग उडालेला. हंबीररावांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचट अंथरलं, त्यावर पोराला निजवलं आणि सांगलीचा रस्ता धरला. हरिबा कळपापाशी राहिला, मेंढरं सोडून दोघांनी जायची सोय नव्हती. रंगुबाई शेळीची धार काढत होती. ती दुधाचा चंबू हातात घेऊनच ट्रॉलीत चढली. एवढं सगळं हंबीररावांनीच मला पुढं सांगितलं.

दवाखान्यात काय होतं ते बाहेरच्या माणसाला आधी कळत नाही. डॉक्टर पोट दाबून बघतो, निघून जातो. मग दुसरा येतो, तोच प्रश्न विचारतो, तोही जातो. अंगावरचा सदरा कात्रीनं कापतात. हवालदार येऊन विचारतो, पडला की कुणी पाडला. मागून आलेल्या पेशंटला आधी आत घेतात, कारण तो जास्त वाईट असतो, पण हे कुणी समजावून सांगत नाही. माणसाला वाटतं, आपल्याकडं कुणाचं लक्षच नाही. रंगुबाईलाही तसंच वाटलं. सिद्धूच्या पोटात आत रक्त साचत होतं. त्याला सलाईन लावलं, रक्त मागवलं. धनगराच्या पोराला हंबीररावांनी स्वतःच्या रक्ताची बाटली दिली, हे मी त्यांच्या नावावर कायमचं जमा धरलंय. ऑपरेशनची तयारी चालली होती तेव्हा सिस्टरनं बजावलं, "तोंडावाटे काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

आणि पोरगं पाणी मागत होतं. "आये, घसा सुकलाय गं," म्हणत होतं.

आता रंगुबाईचं डोकं कसं चाललं ते सांगते, कारण तिनं ते मला अनेकदा सांगितलंय. कळपात एखादं कोकरू अशक्त होऊन आडवं पडलं, आईला लुचेना, की धनगराची बाई त्याला मांडीवर घेते. पदराचं टोक दुधात भिजवायचं, जबड्यात बोट घालून तोंड उघडायचं आणि थेंब थेंब पिळायचं. तग धरून उठलं तर जगलं. तिनं असली कोकरं किती जगवली असतील याचा हिशेब नाही. आडव्या पडलेल्या जिवाच्या पोटात दूध गेलं नाही तर तो मरतो, हे तिला सिस्टरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. तिनं सिद्धूच्या अंगावरचं घोंगडं तोंडापर्यंत ओढलं, पदर चंबूत बुडवला आणि घोंगड्याआड लेकाच्या तोंडात पिळला. पुन्हा बुडवला. पोरगं गप झालं, आईकडं बघून हसलं. चंबू निम्मा झाला.

भूल देणारा डॉक्टर आला. तरुण होता, बोलायला मऊ होता. त्यानं विचारलं, "मावशी, याच्या पोटात काही दिलंय का? खरं सांगा."

"न्हाई सायेब," रंगुबाई म्हणाली.

सिस्टर रागावेल, पोराला बाहेर काढतील, या भीतीनं ती खोटं बोलली. तिच्या जागी कुणीही बोललं असतं. मी रोज बघत होते, लोक बोलतच होते.

सिद्धूला भूल दिली आणि दूध उलटून वर आलं. बेशुद्ध माणसाला खोकता येत नाही. ते दूध त्याच्या फुप्फुसात गेलं. पोटाला हात लागायच्या आधीच पोरगं टेबलावरच दगावलं. तो तरुण डॉक्टर बाहेर आला, त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मावशी, दूध दिलं होतं तर सांगायचं होतं. आम्ही नळी घालून पोट रिकामं केलं असतं. मग भूल दिली असती."

दूध पाजलं म्हणून लेक गेला असं एवढंच तिला कळलं असतं, तर ती रडून रडून एक दिवस थांबली असती. पण सांगितलं असतं तर तो वाचला असता, हे ऐकल्यावर ती थांबणार कशी? मला आजही त्या बाईची कणव येते, आणि कधी कधी त्या डॉक्टरचा राग येतो, की इतकं खरं सांगायची काय गरज होती. पण खरं न सांगण्यानंच तर सगळं झालं होतं.

हरिबा तिला न्यायला आला तेव्हा ती माझ्या ओट्यावर बसून होती. "चल," तो म्हणाला. "कोकरं वराडत्यात."

"म्या न्हाई येत," ती म्हणाली. "कोकराच्या तोंडात आता माजा हात जायचा न्हाई. तुमी जावा."

तो कळप घेऊन गेला, ती माझ्याकडंच भाकऱ्या थापायला राहिली. पुढं दरसाल या बाजूला आला की माझ्या बाकावर येऊन बसायचा. तीही त्याच्यासमोर बसायची. जाताना तो भाकरी मागायचा आणि ती स्वतःच्या हातानं थापून द्यायची. ते बघताना माझं काळीज तुटायचं, आणि तोंडानं मी नेमकं काहीतरी खोचक बोलून जायचे.

वॉर्डबॉय तिला सुरुवातीला हाकलायचे. मग सवय झाली. हळूहळू तिला क्याजल्टीची सगळी रीत कळली. मागच्याला आधी का घेतात, तेच तेच का विचारतात, रक्त द्यायला का घाबरू नये, हे ती घाबरलेल्या माणसांना आपल्या भाषेत सांगायची. पण जीव अडकलेला त्या एका प्रश्नात. एकही माणूस खोटं घेऊन आत जाता कामा नये, बास.

एकदा कोरेगावकडचा कृष्णात म्हणून एक गडी आणला. गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेला, बरोबर आई, मनुबाई. रंगुबाईनं विचारलं. मनुबाई म्हणाली, "काय बी दिलं न्हाई." पण तिच्या पदराला चहाचा ओला डाग होता. रंगुबाईनं तो डाग बघितला आणि तडक आत गेली. "सायेब, त्याला च्या पाजलाय," म्हणून मोठ्यानं सांगितलं. मनुबाईनं धावत येऊन सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारली. "माज्या लेकावर टपलीय ही!" म्हणून शिव्या घातल्या. डॉक्टरांनी नळी घातली, पोट रिकामं केलं, मग हात कापला. गडी एका हातानं का होईना, घरी गेला. मनुबाई रंगुबाईकडं न बघताच गेली. मी भांडायला निघाले होते.

"ऱ्हाऊ दे अक्का," रंगुबाई म्हणाली. "तिचं पोरगं चालत गेलं न्हवं?"

एकोणऐंशी साली तिचंच पोट दुखायला लागलं. किती दिवस दुखत होतं कुणास ठाऊक, सांगेल तर शपथ. एके दुपारी भाकरी थापता थापता आडवी झाली. मी आणि वॉर्डबॉयनं उचलून रस्ता ओलांडला. ज्या दारात ती इतकी वर्षं उभी राहिली, त्याच दारातून आडवी आत गेली. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच म्हणाली, "सकाळी कोरा च्या, अर्धी भाकर. त्यावर काय न्हाई."

आतडं सडलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ऑपरेशन झेपणार नाही, म्हणाले. "पाणी मागितलं तर द्या. आता काही हरकत नाही."

मी फुलपात्र घेऊन तिच्याजवळ गेले. ओठ कोरडे ठणठणीत. तिनं तोंड मिटून घेतलं.

"डाक्टरला इचारलंस?"

"इचारलं गं. द्या म्हणाले."

ती माझ्याकडं बघत राहिली. क्याजल्टीत 'आता पाणी द्या' कधी म्हणतात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला रडू आवरेना.

"रडू नगंस," ती म्हणाली. "पानी नगं. दूध आन."

मी खाणावळीत पळाले. शेळीचं कुठून आणू, चहासाठी ठेवलेलं म्हशीचं दूध होतं तेच आणलं. दातखीळ बसत चालली होती, चमचा आत जाईना. मग मी पदराचं टोक दुधात बुडवलं आणि तिच्या तोंडात थेंब थेंब पिळलं. इतक्या वर्षांनी तिनं दूध गिळलं. डोळे मिटूनच म्हणाली, "आत जाऊन सांग. रंगुबाई दूध पेलीय म्हून. लपवू नगंस."

"सांगते," मी म्हणाले.

"आत्ता जा."

मी गेले. डॉक्टर दुसऱ्या पेशंटवर वाकले होते. मी म्हटलं, "साहेब, रंगुबाईला मी दूध पाजलंय." त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." मी परत आले तेव्हा ती गेली होती. माझा पदर अजून ओला होता.